टोकनबाईचा बुरुज

माझ्या मावशीला गल्लीत सगळे टोकनबाई म्हणायचे, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तरुणपणी तिचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. काकांनी कुठल्याशा बंद पडलेल्या पार्लरमधून जुनी यंत्रं उचलून आणली, गाळ्यात मांडली आणि वर्षाच्या आत हृदयविकारानं गेले. मागे उरली मावशी, कपाटाएवढाली ती यंत्रं आणि पितळी टोकनांचा डबा. रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती यंत्रांची मागची फळी काढून तारा जोडायला शिकली. टोकन अडकलं की यंत्राच्या बरगडीत अशी काही बुक्की हाणायची की टोकन तर पडायचंच, शेजारच्या यंत्रावर खेळणारा पोरगाही सरळ उभा राहायचा.

त्यातलं एक यंत्र तिचं लाडकं. त्यावर कुठल्याशा परक्या लिपीत नाव होतं, ते कुणालाच वाचता यायचं नाही. पडद्यावर समोरासमोर दोन बुरुज दिसायचे, म्हणून सगळे त्याला ‘बुरुज’च म्हणायचे. एक बुरुज तुमचा, एक समोरच्याचा. दांडी जितका वेळ मागे धरून ठेवाल तितका दगड लांब जाणार. एक बटण दाबलं की दगड सुटायचा, दुसऱ्यानं आपली पडलेली भिंत बांधली जायची. दोन्ही एकदम जमत नसे. मारायचं की सावरायचं, एवढाच काय तो प्रश्न. मावशीनं सावरण्यात कधी फारसा वेळ घालवला नाही.

गाळ्यासमोर रस्त्यापलीकडे मेडिकलचं दुकान होतं. त्या मेडिकलवाल्याचा मुलगा नववीत नापास झाला आणि बापानं खापर फोडलं पार्लरवर. भर गर्दीत येऊन त्यानं पोराचा कान धरला आणि म्हणाला, “ही बाई गल्लीतली पोरं नासवतेय.”

मावशी म्हणाली, “तुमच्या दुकानात एवढ्या गोळ्या आहेत. एक अकलेची का नाही दिलीत त्याला?”

हसले सगळे, पण ते हसू महागात पडलं. मेडिकलवाल्यानं गल्लीतले बाप गोळा केले, त्यांना घेऊन नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या आणि पार्लरचा परवाना रद्द करवून आणला. यंत्रं भंगारवाल्याच्या गाडीवर चढली. ‘बुरुज’ उचलताना मावशी आत जाऊन बसली, असं आई सांगायची. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि पहिलं वाक्य होतं, “त्या गोळ्यावाल्याच्या दारात तडफडेन, पण त्याच्याकडची गोळी खाणार नाही.”

तिनं त्याच गाळ्यात लाँड्री टाकली. मागे कपडे उकळायची भट्टी, पुढे इस्त्रीचं टेबल. आणि मग समोरासमोर दोघांचं जे सुरू झालं ते तीसेक वर्षं चाललं. तो सकाळी आपल्या पायरीवर पाणी मारायचा ते नेमकं उतारावरून हिच्या दारात यायचं. ही चादरी अशा दोरीवर वाळत घालायची की त्याची पाटी झाकली जावी. अंगात ताप असला तरी मावशी पार बाजाराच्या टोकाला जाऊन औषध आणायची. त्याचे सदरे दुसऱ्या वॉर्डातून इस्त्री होऊन यायचे. एकमेकांशी एक शब्द नाही. थुंकणं मात्र वेळच्या वेळी.

मग मावशी साबणाच्या पाण्यावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तर मूठ मिटेना. तिला मूलबाळ नाही, मी भाची जवळच राहते, म्हणून व्यायामाला न्यायचं काम माझ्याकडे आलं.

फिजिओथेरपीची ती खोली छोटीशीच होती. भिंतीलगत, धरून चालायचे दांडे, टोपलीत रबरी चेंडू, कोपऱ्यात टीव्ही. तिथल्या मुलीनं मावशीच्या हातात मऊ मातीसारखा गोळा दिला. म्हणाली, “आजी, हा दाबायचा.”

“कणीक मळायला मी इथवर येऊ?” मावशीनं गोळा टोपलीत टाकला. “आणि आजी कुणाची गं?”

पोरगी हुशार होती. तिनं टीव्ही लावला, खाली गेमचा कन्सोल होता. मला वाटलं, आता दणादण बंदुका चालणार. पण पडद्यावर आली ती छोट्या छोट्या चित्रांची रांग. चक्रव्यूह, वरून पडणाऱ्या विटा, उड्या मारणारा एक ठेंगू. सगळे जुने गेम.

“हे नव्या यंत्रावर कसे?” मी विचारलं.

“आता पुन्हा विकायला येतात, डाउनलोड करायचे,” ती म्हणाली. “मी मुद्दाम हेच ठेवलेत. नव्या गेममध्ये ढीगभर बटणं आणि आधी अर्धा तास शिकवणी. तोवर पेशंटचा हात दमतो. यात एक दांडी, दोन बटणं. हरलं की लगेच पुन्हा. हाताला तेच हवं असतं.”

मावशी ऐकतच नव्हती. तिची नजर एका चित्रावर खिळली होती. दोन बुरुज. परकी लिपी.

मी तिला हसताना फार कमी पाहिलंय. तेव्हाही ती हसली नाही. नुसती म्हणाली, “दे इकडे.”

पहिल्या दिवशी तिचा बुरुज सारखा पडत होता, कारण अंगठा वळत नव्हता. दुखून डोळ्यांत पाणी यायचं आणि ती यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पण सोडलं नाही. पुढच्या खेपेला अंगठा थोडा वळला. माझ्या नवऱ्यानं तिला घरी एक नवाकोरा महागडा गेम दाखवला होता, त्यावर तिचं मत ठाम होतं: “अर्धा तास बोलतात, मग एकजण घोड्यावर बसून गवतातून फिरतो. घोड्याची रपेट करायची तर गेम कशाला? हा बघ. लावला की मारामारी. आपण हरलो तर आपल्या चुकीनं हरलो, उगाच कुणाचं रडगाणं नाही.”

आणि एके दिवशी आम्ही आत शिरलो तर खुर्चीवर मेडिकलवाला. त्याला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, सोबत सून.

“या खोलीत जागा नाही,” मावशी दारातूनच म्हणाली.

“मुली, यांची वेळ बदल,” तो फिजिओवालीला म्हणाला. “या बाईच्या सावलीला मी उभा राहत नाही.”

“मग बसा,” ती मुलगी म्हणाली. “दोघांचीही वेळ हीच.”

मावशीनं त्याच्याकडे पाठ करून खेळायला घेतलं. तो खिडकीतून बाहेर बघत बसला, निदान दाखवत तरी तसंच होता. मावशीनं यंत्राच्या बुरुजाची भिंत पाडली. पडद्यावर वर एक निशाण फडफडतं, त्यावरून वारा कुठला ते कळतं. निशाण पाहून तिनं दांडी मागे धरली, तेवढ्यात मागून आवाज आला.

“निशाणावर जाऊ नकोस. भिंत पडल्यावर ते उलटं दाखवतं.”

मावशीचा दगड हुकला. ती हळूच वळली. ही खोड गेममध्ये होती खरी, पण ती शेकडो डाव खेळल्याशिवाय कुणाला कळणं शक्य नव्हतं. पार्लरमध्ये ती एकट्या मावशीला ठाऊक होती आणि तिनं कुणाला सांगितली नव्हती. आता इतक्या वर्षांनी खेळताना ती स्वतःच विसरली होती.

“हे तुला कुठून कळलं?” ती म्हणाली.

सून त्याच्याकडे बघायला लागली.

“माझ्या पार्लरात तू कान धरायला सोडून कधी आला नाहीस. दुसरं यंत्र या गावात नव्हतं. कुठे खेळलास?”

“तुला काय करायचंय?”

“अय्या,” सून एकदम म्हणाली, “बाबा, ते गोदामातलं कपाट?”

झालं. मावशी उठली, हातातला कंट्रोलर माझ्याकडे फेकला आणि थेट त्याच्या दुकानाकडे चालायला लागली. मी मागे, माझ्या मागे सून, आणि सगळ्यात मागे काठी टेकत मेडिकलवाला. दुकानामागच्या गोदामात, खोक्यांच्या भिंतीआड, चादरीखाली ‘बुरुज’ उभा होता. भंगारवाल्याची गाडी गल्लीच्या कोपऱ्यावरून वळायच्या आत त्यानं तो उतरवून घेतला होता.

“पोराला त्यात काय दिसतं ते बघायला घेतलं,” तो धापा टाकत म्हणाला. “म्हटलं, शत्रू ओळखावा.”

“आणि?”

सुनेनंच सांगितलं की बाबा रोज दुपारी विश्रांती म्हणून गोदामाचं दार लावून घ्यायचे. यंत्र बंद पडेपर्यंत कित्येक वर्षं. पोराला कानाखाली वाजवून अभ्यासाला बसवायचा आणि स्वतः इथे दगड मारायचा.

“कुणाबरोबर खेळायचास?”

“यंत्राबरोबर.”

“थू!” मावशी म्हणाली. “भित्रा तो भित्राच.”

यंत्र मेलेलं होतं. तारा उंदरांनी कुरतडलेल्या, फळीला वाळवी. काचेवर मात्र दोन बुरुजांची छाया कायमची जळून बसली होती. लाकूड आतून पोखरलं होतं, पण बाहेरून नुकतं पुसल्यासारखं चकचकीत. तो अजून ते पुसत असावा.

मावशीनं हमाल बोलावले.

“मी रीतसर विकत घेतलंय ते!” तो ओरडला.

“घेतलं असशील. आता सोड.”

दारात आडवा व्हायला गेला, पण उजवी बाजू साथ देईना. सुनेनं त्याला धरून बसवलं. मला वाटलं, मावशी यंत्र दुरुस्त करायला नेतेय. तिनं ते रस्ता ओलांडून लाँड्रीच्या दारात ठेवायला लावलं, पडद्याची काच आणि तारा हमालांकडून काढून घेतल्या, भट्टीची कुऱ्हाड आणली आणि डाव्या हातानं घाव घालायला लागली. मी तिचा दंड धरला. “मावशी, अगं त्यानं जपलं होतं ते.”

“म्हणूनच,” ती म्हणाली.

फळ्या भट्टीत गेल्या. दिवसभर त्यावर चादरी उकळल्या. मेडिकलवाला आपल्या पायरीवर बसून सगळं बघत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला त्या दिवशी मावशीची चीड आली आणि मी तिच्याशी न बोलता घरी गेले.

पुढच्या खेपेला आम्ही पोहोचलो तर तो आधीच टीव्हीसमोर बसलेला, कंट्रोलर मांडीवर, उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं एकेक करून बटणांवर ठेवत होता.

“बस,” तो मावशीला म्हणाला. तीस वर्षांतलं पहिलं आमंत्रण ते, आणि त्यात दात-ओठ खाणं होतं.

त्या दिवशी मावशीनं त्याला धूळ चारली. दया नाही, माया नाही. त्याचा अंगठा थरथरायचा तेव्हा ती मुद्दाम सावकाश नेम धरायची. फिजिओवालीनं मला बाजूला घेऊन विचारलं, “यांना थांबवू का?” आम्ही दोघींनी त्याच्या हाताकडे पाहिलं. मेल्यासारखा पडलेला तो हात दांडी ओढत होता. रागानं का होईना, ओढत होता. आम्ही थांबवलं नाही.

दोनेक महिने असं चाललं. तो आधी हरायचा, मग थोडं कमी हरायचा. आणि एके सकाळी मावशीनं मारण्याच्या नादात भिंत बांधायचं टाळलं आणि त्याचा दगड थेट तिच्या बुरुजाच्या पोटात शिरला. बुरुज कोसळला. तो ओरडला नाही, हसला नाही. फक्त म्हणाला, “हे त्या जाळलेल्या फळ्यांसाठी.”

“पुन्हा,” मावशी म्हणाली.

व्यायाम संपले तसं दोघांचं तिथे जाणं थांबलं. आठवड्यात मावशीनं लाँड्रीत टीव्ही आणि कन्सोल आणला. मला म्हणाली, हाताला सवय राहावी म्हणून. दुसऱ्याच दिवशी दुपारी, विश्रांतीच्या वेळेला, मेडिकलवाला रस्ता ओलांडून आला. बगलेत स्वतःचं स्टूल, कारण हिच्या खुर्चीवर तो बसणार नव्हता. चहा तिनं विचारला नाही आणि त्यानं घेतला नसता. गिऱ्हाइकं इस्त्रीचे कपडे घ्यायला यायची आणि तासभर उभी राहायची. त्यात ती जुनी पोरंही असायची, आता टक्कल पडलेली. त्यांच्यातला एकजण चुकून म्हणाला, “बरं झालं, शेवटी दोस्ती झाली तुमची.” मावशीनं कपड्यांवर शिंपडायचं पाणी त्याच्या अंगावर ओतलं. मेडिकलवाल्यानं त्याच्या औषधाची सूट बंद केली.

गेल्या वर्षी मेडिकलवाल्याच्या मुलानं दुकान विकलं आणि बापासकट सगळं बिऱ्हाड शहरात हलवलं. जायच्या दिवशी तो निरोप घ्यायला आला नाही. मावशीनंही बाहेर पाहिलं नाही. पण तो गेल्यावर तिची चिडचिड इतकी वाढली की इस्त्रीखाली एक सदरा जळाला. तीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

मग मुलाचाच फोन आला. नववीत नापास झालेला तोच. बाबा जेवत नाहीत, म्हणाला. त्यांना कन्सोल घेऊन दिलाय, मावशी इंटरनेटवरून खेळतील का? मी मावशीला विचारलं.

“त्याला वाटलं, पळून जाऊन सुटका होईल,” ती म्हणाली. “लाव.”

मी लावून दिलं. आता रोज दुपारी लाँड्रीत इस्त्री बाजूला पडते आणि डाव सुरू होतो. सुरुवातीला नुसताच खेळ होता, आवाज नव्हता. मी सांगितलं की कानाला लावायचा माइक मिळतो, त्यातून बोलता येतं.

“त्याचा आवाज ऐकायची मला हौस नाही,” ती म्हणाली.

आठवडाभरानं तिचा फोन आला. आदल्या दिवशी त्यानं तिला सलग दोनदा हरवलं होतं.

“तो माइक घेऊन ये,” ती म्हणाली. “त्याचं ऐकू नाही आलं तरी चालेल. माझं मात्र त्याला नीट ऐकू गेलं पाहिजे.”