तुळसाबाईची कबुली

कारंजाच्या बाजारात तुळसाबाईशी भाव करायची कोणाची छाती नव्हती. मेथीच्या जुडीला हात लावून कोणी "महाग हाय वो बाई" म्हणालं, की ती जुडी त्याच्या हातातून काढून घ्यायची आणि म्हणायची, "मंग गवत घ्या, सस्तं भेटते." माणूस हसत हसत पैसे काढायचा. गावाबाहेर चार एकराचा मळा होता. वांगी, टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी. एकदा वाफ्यात नाग निघाला तर गडी पळाले, आणि हिनं काठी आपटत त्याला बांधापर्यंत हाकललं. मारला नाही. "थोबी आपल्या कामानं जाऊन राह्यला व्हता," म्हणे. नवरा जानराव भला माणूस, पण बोलायचं सगळं खातं त्यानं बायकोकडे देऊन टाकलेलं. अशी ही बाई. आणि ह्याच बाईची एका विमा कंपनीच्या कागदानं आठ दिवस पाचावर धारण बसवली, त्याची ही गोष्ट.

शहात्तर साल असावं. आदल्या वर्षी त्यांनी अकोल्याच्या एका ठेकेदाराची जुनी जीप घेतली होती. भाजीची डाली मंगरूळच्या बाजाराला न्यायला ती बरी पडायची. चालवायला एकुलता एक जगदेव. वय एकोणीस, लायसन मिळून सहा महिने झालेले आणि पाय नेहमी जरा जास्तच दाबलेला.

पौषातली संध्याकाळ होती. जगदेव रिकामी डाली घेऊन मंगरूळहून परत येत होता. पुढे आसेगावचा पुंजाजी कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन कारंजाला निघाला होता. सकाळी कापूस मोजायला लवकर नंबर लागावा म्हणून तो आदल्या सांजेलाच निघालेला. बंडीला कंदील नव्हता. जगदेवला बंडी दिसली तेव्हा उशीर झाला होता. जीप मागून धडकली, बंडीचं चाक मोडलं, कापूस रस्ताभर सांडला आणि पुंजाजी खाली पडून त्याचा पाय दोन जागी मोडला. बैल तेवढे वाचले. जगदेवनं त्याला उचलून जीपमध्ये घातलं, सरकारी दवाखान्यात नेलं, आणि फुटक्या दिव्याची गाडी घेऊन तो घरी आला.

"आई, गाडी ठोकली," तो अंगणात उभा राहून म्हणाला.

तुळसाबाईनं आधी त्याच्या कानाखाली ठेवून दिली. मग विचारलं, "मेलं काय कोनी?"

"नाई. पाय मोडला एकाचा. मले घाई झालती आई. गाडी जोरात व्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सायकलवरून विमा एजंट शेषराव आले. त्यांनीच ह्या जीपचा विमा उतरवला होता. माणूस वाईट नव्हता, पण अशा लोकांना सावधगिरीची एवढी सवय लागते की श्वासही जपून घेतात. त्यांनी फॉर्म काढला. बंपर? वाकलं. दिवा? फुटला. रेडिएटर? गळते. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी पॉलिसीच्या बारीक इंग्रजीवर बोट ठेवलं.

"इथं काय लिहिलं हाय, ठावं हाय काय बाई?"

"मले काय इचारता? मले मराठी वाचता नाई येत तं इंग्रजी कायचं येते!"

"त्या माणसाचा दवाखाना, त्याचं नुकसान, हे कंपनी पाहीन. पण कंपनीले इचारल्याबिगर तुमी कोनापाशी चूक कबूल कराची नाई. तोंडानं नाई, कागदावर नाई. अन् दवाखान्यात त्याले भेटाले तं जायाचंच नाई."

शेवटचं वाक्य कागदात होतं की शेषरावांच्या मनचं, देव जाणे.

"काहून? मानूस तिथं पडला हाय अन् आमी घरी बसाव?"

"तुमी गेल्या का बोलसान. मी काय ओळखत नाई तुमाले? अन् बोलल्या का कंपनी हात वर करीन. कोर्टात तुमचीच कबुली पोरावर येईन. किती महिने आत जाईन, सांगता येत नाई. बंडीले कंदील नव्हता, पंचनाम्यात आलं हाय. थेच धरून बसा."

पोरगं आत जाईन! तुळसाबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

आता बाहेरच्या माणसाला ह्यात काय मोठं वाटणार? पण ह्या भागात आपल्या बैलानं कोणाचं रोप खाल्लं तरी त्याच सांजेला त्याच्या घरी जायचं, ओट्यावर बसायचं, त्याच्या घरचं पाणी प्यायचं आणि "चुकलं बावा" म्हणायचं, ही रीत. जो जात नाही त्याला लोक माणसात धरत नाहीत. तुळसाबाई आजवर ह्यात कधी चुकली नव्हती. आणि आता दवाखाना तिच्या भाजीच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, आणि पायाला जणू दावं बांधलेलं.

ती बाजारात बसायची, पण आवाज गेला तो गेलाच. गिऱ्हाईक म्हणेल त्या भावाला मेथी देऊन टाकायची. कोणी सायकलवरून खाकी कपड्यात गेलं की मान खाली घालून बांधलेल्या जुड्या पुन्हा बांधायला घ्यायची. पाचव्या दिवशी कोणी सांगितलं, पुंजाजीचा पाय काळा पडून राह्यला, कापा लागते म्हणे. सातव्या दिवशी दुसऱ्यानं सांगितलं, ताप डोक्यात गेला. लोकांच्या जिभेला काय हाड असते? पण तिचा जीव टांगणीला लागला. हा माणूस गेला तर पोरगं गेलंच. रात्री डोळा लागत नसे, दिवसा घास उतरत नसे. जगदेव समोर आला की तिला त्याच्या हातात बेडी दिसायची, म्हणून ती त्याच्याकडे बघायचंही टाळायची. तोही मळ्यातच राहायचा, जेवायला तेवढा यायचा.

आठव्या दिवशी शेषराव दुकानापाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "उद्या जमादार त्याची जबानी घेऊन राह्यला. तुमी चूप राहा फक्त."

ते गेले आणि थोड्या वेळानं समोरून पुंजाजीची बायको आवडाबाई आली. हातात डबा, डोक्यावर पदर. तिची नजर तुळसाबाईवर पडली मात्र, तिनं मान खाली घातली आणि भरभर रस्ता ओलांडून पलीकडून निघून गेली.

झालं! बाईनं आपलं तोंडही पाह्यलं नाई, आपल्याले शिव्याशाप देऊन राह्यली असंन, असं तुळसाबाईच्या मनानं घेतलं. ते तिला सोसेना. तिनं तराजू जानरावाच्या पुढ्यात टाकला आणि ती उठली.

"कुठी चालली?" जानरावानं विचारलं.

"पोराचं वाट्टोळं कराले!" ती म्हणाली आणि चालू लागली.

ती दवाखान्याच्या पायऱ्या चढली. आत बारा खाटा होत्या. कोपऱ्यातल्या खाटेवर पुंजाजी होता, पाय पलस्तरात, विटा बांधून ताणून ठेवलेला. जिवंत होता. शुद्धीवर होता. पाय जिथल्या तिथं होता. तुळसाबाईनं तोंड उघडायच्या आतच त्या माणसानं पडल्यापडल्या दोन्ही हात जोडले.

"बाई, कंदिलाची काच फुटलती वो. आनू आनू म्हनता राह्यली. चूक माहीच हाय. पन माहे बैल नेऊ नका. कंपनीले सांगा, बैल नेऊ नका म्हना."

तुळसाबाईला काही कळेना. मग आवडाबाई रडत रडत बोलू लागली. गावात कोणा शहाण्यानं त्यांना सांगितलं होतं, की कंदील नव्हता म्हणून जीपचा सगळा खर्च पुंजाजीवर बसणार, आणि कंपनीची माणसं येऊन दावणीचे बैल सोडून नेणार. "म्हनून तुमाले पाह्यलं का मी रस्ता सोडो, बाई. लय भेव वाटे तुमचं."

आपलं भेव! बाजारात लोक तिला घाबरायचे ते हसत हसत. असं हात जोडून, डोळ्यात पाणी आणून आजवर कोणी तिला भ्यालं नव्हतं. लाजेनं तिला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"कोन नेते तुमचे बैल?" आठ दिवसांनी तिचा आवाज फुटला आणि साऱ्या वार्डानं माना वळवल्या. "कोनाची हिंमत हाय? चूक माह्या पोट्ट्याची हाय. गाडी जोरात व्हती. त्यानंच सांगतलं मले."

बोलून गेली आणि मग तिच्या ध्यानात आलं. बारा खाटांवरच्या माणसांनी ऐकलं होतं. तिनं आपल्या हातानं पोरगं कोर्टाच्या दारात नेऊन उभं केलं होतं.

पुंजाजीनं जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाला, "जमादार उद्या येऊन राह्यला. काय सांगू त्याले?"

घ्या! एवढा सोन्यासारखा मोका चालून आला होता. काई सांगू नका भाऊ, एवढं म्हटलं असतं तरी त्या भोळ्या माणसानं ऐकलं असतं. ते शब्द तिच्या जिभेवर आलेही. तिनं ते गिळले.

"जे झालं थे सांगा. कंदीलबी सांगा, गाडीचा जोरबी सांगा."

आवडाबाईनं गडव्यातलं पाणी पुढे केलं. तुळसाबाई तो गडवा दोन्ही हातांनी धरून सगळं पाणी प्यायली. ती निघाली तेव्हा पुंजाजीनं मागून विचारलं, "बाई, पोराले लय लागलं काय वो? मले उचलून गाडीत टाकलं त्यानं, पन सारा रस्ता छातीले हात धरून व्हता. मी कन्हो अन् थोबी कन्हे."

तुळसाबाई दारातच थांबली.

पुढचं सांगून टाकतो. पुंजाजीनं सगळं खरं सांगितलं, केस दीड वर्ष रेंगाळली, जगदेव दंडावर सुटला, आणि कंपनीनं शंभर कागद नाचवून का होईना, पुंजाजीला भरपाई दिली. शेषराव मात्र वर्षभर तुळसाबाईच्या दुकानावरून मान फिरवून जायचे. पण त्या दुपारी ह्यातलं काहीच कोणाला ठाऊक नव्हतं. त्या दुपारी ती मळ्याकडे अक्षरशः धावत गेली, आणि तिच्या डोळ्यांपुढे बेडीच होती.

जगदेव वांग्याच्या वाफ्यात वाकला होता. आईला असं धापा टाकत येताना बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मेला काय थो?"

"नाई. इकडे ये. सदरा वर कर."

"कायले?"

"कर म्हनते ना!"

त्यानं केला नाही, म्हणून तिनंच वर सारला. जीपच्या स्टेअरिंगचा वळ छातीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत उमटला होता, मधोमध काळानिळा, कडेनं पिवळा पडत आलेला. तिनं हळूच बोट लावलं तसा तो कळवळून मागे सरकला.

"आठ दिवस झाले," तुळसाबाई म्हणाली. "आठ दिवस, बापा. सांगतलं काहून नाई कोनाले?"

जगदेवनं सदरा खाली ओढला.

"कोनी इचारलंच नाई," तो म्हणाला.