उपटा अन् रोवा

एस्तेरमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेच्या कडेला पंक्चर काढून घेत उभा होतो. पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं. विलासच्या बाबतीत मला अडवणारं आता कोणी उरलं नाही, हे मनात आलं. मावशीला हे ऐकून वाईट वाटलं असतं...

मावशीचं घर सिहोऱ्यात. तिचे यजमान, आमचे मोसाजी, गेल्यावर धानाची शेती तिनेच केली, आणि रविवारी तिच्या ओसरीवर पाच-सहा बाया प्रार्थनेला जमायच्या. गावात तिला कुणी परकी मानत नव्हतं. पोळ्याला ती शेजारच्या विलासच्या बैलांचे पाय धुवायची. आमच्या पाळकांना ते खटकलं, तर म्हणाली, "बैलाचे पाय धुतले तं काय झालं? प्रभूनंबी लोकायचे पाय धुतले होते ना." मी मनसोक्त हसलो.

मागच्या रोवणीच्या दिवसांत ओसरीवर तिने बायांना सांगितलं, "विश्वास रविवारी घरात कोंबून नोका ठेवू. पऱ्हे एकाच जागी ठेवले तं पिवळे पडतेत. उपटा अन् बांधीत रोवा. भांडणात न्या, बाजारात न्या." विलासने शेजारून त्याचा मोबाईलवर व्हिडिओ घेतला. त्यातलं "उपटा अन् रोवा" एवढंच कापून गावाच्या ग्रुपवर टाकलं आणि वर लिहिलं, गाव उपटायला निघालेली बाई पाहा. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून दुसऱ्या बांधीत, पाणी भरलेल्या शेतात, लावतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. विलास तर स्वतः चिखलात उभा राहून रोवणी करतो. त्याला कळलं नाही, असं मला कुणी सांगू नये. त्याला कळलं होतं, म्हणूनच त्याने नेमकं तिथे कापलं.

त्यानंतर मावशीच्या बांधीत मजूर बाया येईनाशा झाल्या. ओसरीवरच्या एका बाईनेही ते मोबाईलवर घेतलं होतं; तिच्याकडून सगळं रेकॉर्डिंग मिळवून मी त्याच ग्रुपवर टाकलं, तर लोक म्हणाले, लांब आहे, कोण पाहणार. मी विलासच्या घरी निघालो तर मावशी दारात आडवी उभी राहिली. "त्याले काही म्हणू नोको, बाबू. त्याच्या मायले मी शेवटच्या दुखण्यात पाणी पाजलं हाय." मी तेव्हा परत फिरलो... ते अजून सलतं.

मावशीची एकच इच्छा होती, तलावाच्या पाळीखाली मोसाजींच्या शेजारी जागा मिळावी. मातीला माणसं जमली तेव्हा वाटेत पहिला उभा होता तो विलास. "हे जागा गावाची हाय, तुमचं तिकडं न्या." पोलिसांनीही आम्हालाच समजावलं. शेवटी तिला भंडाऱ्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत नेऊन, अनोळखी माणसांच्या रांगेत ठेवून आलो.

परवा पानठेल्यावर तो भेटला. "मास्तर, झालं गेलं सोडून द्या आता." झालं गेलं त्याच्यासाठी. मावशी तर अजून भंडाऱ्यातच आहे. मला सूड हवा आहे. ख्रिस्ती माणसाने असं छापायला देऊ नये, असं पाळक म्हणाले. म्हणूनच देतो आहे. विलास, हे तू वाचावंस, तुझ्या पोरांनी वाचावं, आणि पुढच्या पोळ्याला बैलांचे पाय धुताना मावशी तुला आठवावी. जन्मभर आठवावी.

रविवारी ओसरीवर बाया अजून येतात आणि प्रार्थना मलाच घ्यायला लावतात. मावशीची रीत अशी होती की शेवटी एकेकाचं नाव घेऊन त्याला देवाच्या हाती सोपवायचं. आजारी, परगावी गेलेले, माहेरी रुसून बसलेली सून. सगळ्यांत शेवटी, त्या व्हिडिओनंतर दर रविवारी न चुकता, ती विलासचं नाव घ्यायची. या रविवारी मी सगळी नावं घेतली आणि थांबलो. बाया डोळे मिटून वाट पाहत होत्या. कौसाबाई हळूच म्हणाली, "मास्तर, एक नाव राहिलं."

"मले मालूम हाय," मी म्हणालो. आणि आमेन म्हणून उठलो.