चहापानासाठी तहकूब

मी लोकसभेचा सभापती झालो तो कमी बोलतो म्हणून.

आर्वीच्या आमच्या कॉलेजात दर वर्षी गॅदरिंगच्या दिवशी अभिरूप संसद भरायची. बी.ए.ची पोरं खासदार व्हायची, अर्धी सरकारात, अर्धी विरोधात, आणि एखाद्या विधेयकावर खऱ्या लोकसभेसारखी चर्चा करायची. आणीबाणी नुकतीच उठली होती, त्यामुळे पानठेल्यावरही लोकसभेच्या गोष्टी चालत आणि आमची संसद पाहायला गावातली मोठी माणसंसुद्धा येत. राज्यशास्त्राचे सर हे सगळं बसवायचे. भूमिका वाटताना त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हा सभापती. याला बोलायचा कंटाळा आहे, म्हणजे निःपक्षपाती असेल."

सरांच्या हातून झालेली एवढी एकच चूक मला माहीत आहे.

अर्थमंत्री झाली माझी ताई. ती माझ्याहून मोठी, पण टायफॉइडनं तिचं एक वर्ष खाल्लं म्हणून आम्ही एकाच वर्गात होतो. तिच्याकडे विधेयक आलं राष्ट्रीय करवसुली मंडळ स्थापन करण्याचं. देशातले सगळे कर गोळा करायला एकच मंडळ असावं, असा कायदा तिनं सभागृहात मांडायचा आणि पास करून घ्यायचा. निकाल आधी ठरलेला नसायचा. सर म्हणायचे, "दिल्लीत ठरवून होत असेल. आपल्याकडे तरी खरं होऊ द्या."

आता घरातली गोष्ट सांगतो, कारण खरी लोकसभा तिथंच होती.

ताईला बी.ए. झाल्यावर नागपूरला वकिली शिकायला जायचं होतं. बाबा कापसाच्या बाजार समितीत कारकून. त्यांना हो म्हणायची सवय नव्हती आणि नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून ते नेहमी अट घालत. भूमिका वाटल्या त्या रात्री जेवताना ताईनं पुन्हा नागपूरचा विषय काढला, तर ते म्हणाले, "ते तुमचं कराचं बिल हाय ना, ते पास करून दाखव पहिले. आपल्याच कॉलेजातल्या पोट्ट्यायसमोर बिल पास होत नसन, त कोर्टात काय दिवे लावशीन?"

"आन झालं पास, त?"

"त जाजो नागपूरले."

"शब्द?"

"शब्द. मी सोता पाह्यले येतो."

ताईनं ताटावरून उठून, हात न धुताच माझ्या पाठीवर थाप मारली. वरणाचा डाग माझ्या सदऱ्यावर बसला. मलाही आनंद झाला होता, हे खोटं नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला.

सकाळी माय चुलीपाशी होती. संधिवातानं तिची बोटं वळत नव्हती, म्हणून म्हशीचं सगळं ताईकडे होतं. चारा, शेण, दोन वेळा दूध. मी अंथरुणात लोळत होतो. माय काही विशेष नाही अशा आवाजात म्हणाली, "पोट्टी नागपूरले गेली का म्हैस तुह्याकडे. आतापासून शिकून घेजो."

मी पांघरूण बाजूला केलं.

ती म्हैस फक्त ताईला दूध द्यायची. ताई तिच्या पोटाला डोकं टेकवून काहीतरी गुणगुणायची आणि म्हैस डोळे मिटून पान्हा सोडायची. ताई तापात होती तेव्हा मी एकदा बसलो होतो म्हशीखाली. मीही गुणगुणून पाहिलं. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, बादली लाथाडली, आणि मग नीट विचार करून मलाही. मी शेणात बसलेला पाहून शेजारची काकू म्हणाली होती, "बसला का जावईबापू."

तर संसदेच्या दिवशी मी खुर्चीत बसलो तेव्हा माझ्या डोक्यात देशाचे कर नव्हते. म्हैस होती.

हॉल भरला होता. बाबा मागच्या रांगेत, टोपी मांडीवर ठेवून. माझ्यासमोर ऑफिसातून आणलेली पितळी घंटा. विरोधी पक्षनेता एका कापसाच्या अडत्याचा मुलगा होता, गोड बोलणारा. भाषणाच्या आधी रुमालानं ओठ टिपायचा.

"सभापती महोदय," तो म्हणाला, "या देशात तहसीलदार आहे, पटवारी आहे, विक्रीकरवाला आहे, जकात नाका तर बाराही महिने उघडा आहे. एवढे घेणारे असताना आणखी एक घेणारा कशाला? घेणारे वाढून राह्यले, देणारा बिचारा एकटाच."

बाजारातली माणसं मागून हसली, एकानं टाळी दिली. ताई उठली. तिनं कागद घेतला नाही.

"सन्माननीय सदस्यांचं दुखणं बरोबर आहे, औषध चुकलं," ती म्हणाली. "आज कर एक घेतो, पावती दुसरा देतो, तक्रार तिसऱ्याकडे करायची, आणि तिसरा म्हणतो साहेब जेवायले गेले. घेणारे पुष्कळ आहेत म्हणूनच एक पाहिजे. मंडळ झालं तर भांडायले कोणत्या दारात जायचं, ते तरी कळन."

आता सरकारी बाजूनं बाकं वाजली. विरोधकांनी तिला आडवं घेतलं. एक म्हणाला, मंडळाचा पगार कोण देणार? ती म्हणाली, आज गळती होते त्यातून निघेल आणि वर उरेल. दुसरा म्हणाला, मंडळ सरकारच्या हातातलं बाहुलं होईल. तिनं सांगितलं, म्हणूनच मंडळाचा हिशेब दर वर्षी या सभागृहासमोर ठेवायचं कलम घातलं आहे, सदस्यांनी विधेयक वाचलं असतं तर दिसलं असतं. सर खाली बसून मान डोलवत होते. मागं बाबांकडे कोणीतरी वळून म्हणालं, "तुमची पोट्टी का?" बाबांनी टोपी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवली.

मग विरोधी बाकावरचा शेवटचा गडी उठला. हा केवळ हजेरीसाठी खासदार झाला होता. "अर्थमंत्र्यायनं सांगावं, म्हशीवर कर लागन का?"

"म्हशीवर कर लागणार नाही," ताई म्हणाली. "पण जो बसून दूध पेते, त्यानं ते काढणाऱ्याचा हिशेब ठेवावा, अशी तरतूद सरकार करू शकते." एवढं बोलून तिनं माझ्या खुर्चीकडे पाहिलं. "सभापती महोदयांच्या घरी या तरतुदीची फार निकड आहे."

हॉल फुटला. सरसुद्धा हसले. बाबाही हसले, ते तर मी कधी पाहिलं नव्हतं. मी घंटा वाजवली, पुन्हा वाजवली, तर कोणीतरी मागून ओरडलं, "आरती झाली का?"

मला राग आला असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिलो. राग नव्हता. तिच्या विनोदात मला पहाटेची बादली दिसली, आणि मी घाबरलो.

चर्चा संपली. मी विधेयक मतास टाकलं. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं."

"होय," सगळ्या मुली म्हणाल्या, सगळं सरकार म्हणालं, आणि विरोधी बाकांवरूनही दोघातिघांचा आवाज आला. खिडकीतली कबुतरं उडाली.

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं."

"नाही," असा एक आवाज झाला. त्याला आवाज म्हणायचं तर घसा साफ करण्यालाही म्हणावं लागेल.

मी म्हणालो, "नाहीचं बहुमत. विधेयक नामंजूर."

विरोधी पक्षनेता टाळी वाजवायला विसरला. त्यानं रुमाल काढला आणि तसाच हातात धरून बसला. ताई मात्र उठली. आवाजी मतदानावर शंका असेल तर कोणाही सदस्याला मतविभागणी मागता येते, म्हणजे माणसं उभी करून मोजायची, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. "सभापती महोदय, मी मतविभागणी..."

नेमका तेव्हाच कॉलेजचा शिपाई आलुबोंड्यांची टोपली घेऊन दारात आला. मागून तर्रीचं भगोणं.

मी घंटा उचलली. "सभागृह चहापानासाठी तहकूब करण्यात येत आहे."

सरकार आणि विरोधक एकाच दारातून बाहेर पडले. अर्थमंत्री एकटी उभी राहिली, एक हात वर. सरांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, पण वर्षभर त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं की सभापतीचा निर्णय अंतिम असतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि चहाला गेले. चहा झाल्यावर स्टेज ऑर्केस्ट्रावाल्यांनी घेतलं. सभागृह पुन्हा भरलंच नाही.

घरी परतताना बाबा सायकल हातात धरून चालत होते. मग ते म्हणाले, "पडलं म्हणा बिल."

"हो," ताई म्हणाली.

थोडं चालल्यावर बाबा माझ्याकडे वळले. "मले त 'होय'चाच आवाज मोठा वाटला."

त्या वेळी मला सोडवायला आलुबोंडे नव्हते. मी म्हणालो, "बाबा, तुमी मागं बसले होते. तिथून तसं वाटते."

"असन," बाबा म्हणाले. सायकलची चेन करकरत राहिली. त्यांना ती अट हरायची होती, हे मला त्या 'असन'मध्ये ऐकू आलं होतं. मी काही बोललो नाही. माझा तो गुण सगळ्यांना ठाऊकच होता.

ताई भांडली नाही. दूध काढत राहिली, फक्त गुणगुणणं बंद केलं. मला पेला देताना म्हणायची, "घ्या सभापती महोदय." पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती वर्ध्याला गेली. आणि म्हैस, अर्थातच, माझ्याकडे आली. एवढा मोठा घोटाळा करून मी मिळवली काय, तर एका वर्षाची झोप. मी लाथा खाल्ल्या, म्हशीनं दूध आटवलं, आणि मायनं ती आर्वीच्या बाजारात विकली. विकताना माय घेणाऱ्याला म्हणाली, "म्हैस चांगली हाय, बावा. पोट्टंच खराब निंगालं."

ऐंशीच्या दशकात एका भाऊबीजेला मी वर्ध्याला ताईकडे गेलो होतो. भाऊजी सेवाग्रामच्या दवाखान्याच्या ऑफिसात होते, हसरा माणूस. रेडिओवर बातम्या लागल्या होत्या: गोंधळामुळे लोकसभा तहकूब. भाऊजी म्हणाले, "चहा प्यायले गेले असतीन."

"आमची त चहाले गेली ते आलीच नाई परत," ताई म्हणाली आणि माझ्याकडे न पाहता करंजी वाढली.

कोण जाणे काय झालं. माझ्या तोंडून निघालं, "ताई, होय जास्त होते."

भाऊजींनी रेडिओ बंद केला. ताई ताटाशी तशीच वाकलेली राहिली. "मले मालूम हाय," ती म्हणाली. "मले कान हायेत. काऊन केलं, थे सांग."

म्हैस माझ्या जिभेवर आली होती. पुढचे दोन पाय बाहेर पडले होते म्हणा. पण ताईच्या हातावर तव्याचे डाग होते, मागं तिची लहान पोरगी पाटीवर रेघोट्या ओढत होती, आणि मी म्हणालो, "तू गेली असती त घर रिकामं झालं असतं."

ताईनं पदर डोळ्याला लावला. भाऊजी नाक शिंकरायला मोरीत गेले. मला आणखी दोन करंज्या मिळाल्या, आणि देवाशपथ सांगतो, मी त्या खाल्ल्या.

डोळे पुसून झाल्यावर ताई वकिलासारखी बसली. "तू सभागृह तहकूब केलं होतं का बरखास्त?"

"तहकूब."

"मंग बिल पडलं नाई. मी विभागणी मांगितली होती, थे अजून बाकी हाय. हो का नाई हो?" हे भाऊजींना होतं.

"होय," भाऊजी मोरीतून म्हणाले.

पुढच्या जूनमध्ये तिनं नागपूरला वकिलीला नाव घातलं. सकाळच्या पॅसेंजरनं जायची, संध्याकाळी यायची. भाऊजी पोळ्या लाटायला शिकले. त्यांच्या पोळ्यांचे नकाशे मी पाहिले आहेत. काळा कोट अंगावर चढेपर्यंत तिचे केस कानाजवळ पांढरे व्हायला लागले होते. जे चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी व्हायचं ते किती उशिरा झालं, त्याचा हिशेब तिनं माझ्याकडे कधी मागितला नाही. उलट आजही कोणाच्या लग्नात, बारशात, चार माणसं जमली की ती माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगते, "याच्या मायेपायी माह्यी वकिली राह्यली होती. यानं लोकसभा बंद पाडली माह्यासाठी." बाया माझ्याकडे ओल्या डोळ्यांनी बघतात. एकदा एका म्हातारीनं माझी दृष्ट काढली.

बाबा आता नाहीत. त्यांना तर मी तेवढंही सांगितलं नाही.

म्हणून हे लिहितो आहे. माया वगैरे काही नव्हतं, ताई. म्हैस होती. पहाटे उठायचा कंटाळा होता आणि लाथेची भीती होती, बस.

हा दिवाळी अंक ताईकडे पहिल्या दिवशी जातो आणि ती तो जाहिरातींसकट वाचते. भाऊबीजेला अजून वेळ आहे. मी नेहमीसारखा सकाळच्या बसनं वर्ध्याला निघेन. ती ओवाळायला घेईल की दारातच मतविभागणी मागेल, सांगता येत नाही. मागितली, तर या खेपेला मी घंटा वाजवणार नाही. भाऊजी, तुम्हीही तेवढ्यात चहा आणू नका.