उशीजवळचा गरम फोन

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांना फोन बघायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. दुपारी ते गाढ झोपलेले दिसले. पण उशीजवळचा त्यांचा फोन उचलला, तर चांगलाच तापलेला.

"चार्जिंगला होता," ते डोळे न उघडता म्हणाले. झोपलेल्या माणसाने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तिथेच मला शंका आली.

बॅटरीचंही विचित्रच. चार्ज होताना करंट आत शिरतो, वापरताना उलटा फिरून बाहेर पडतो, आणि जाता-येता दोन्ही वेळा थोडी ऊब मागे ठेवतो. हात लावून एवढंच कळतं की आत काहीतरी चाललं होतं. भरत होतं की सरत होतं, ते हाताला कळत नाही. हल्ली बाबा जेवलीस का, दमलीस का, असं सारखं विचारतात. ती माया आहे की फोन बघायची परवानगी मिळवायची तयारी, तेही मला ओळखता येत नाही.

"तू पण जरा पड," बाबा आता आणखी मायेने म्हणाले.

मी बंद पंख्याकडे पाहिलं. सकाळपासून घरात लाइट नव्हती. बाबांच्या ते लक्षातच आलं नव्हतं.