उधळ्या पुत्राचा दिवस

आमच्या शिंदखेड्याच्या ख्रिस्ती घरात ईस्टरआधीच्या उपवासकाळात शास्त्र नुसतं वाचत नसत, ते त्याच दिवशी वापरून संपवत. सकाळच्या प्रार्थनेत जो पाठ निघेल तो दिवे लागायच्या आत आचरणात आला पाहिजे, असा बाबांचा कायदा. शत्रूवर प्रीती करण्याचा पाठ निघाला तेव्हा मोठी पंचाईत झाली, कारण गल्लीत आम्हांला कुणी शत्रूच नव्हता. शेवटी बाबांनी सकाळी शेजाऱ्यांशी भांडण उकरून काढलं आणि दुपारी केळ्यांची फणी घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. दोन अंगरखे असतील त्यानं एक देऊन टाकावा, या पाठात माझ्या काकांचा लग्नातला कोट गेला. काका त्या दिवशी गावातही नव्हते. बाबांचा प्रार्थनेचा आवाज एवढा, की शेजारच्या नरडाणा स्टेशनात इंजिन ड्रायव्हर शिट्टी समजून गाडी थांबवी. हे मी ऐकलेलं नाही, त्या गाडीत बसून अनुभवलेलं आहे.

याच कायद्यापायी माझा थोरला भाऊ गेला. उपवासाच्या एका शुक्रवारी तो स्टेशनावर भजी खाताना सापडला. बाबा म्हणाले, माफी माग. तो म्हणाला, भूक लागली होती. एवढ्यावर तो भुसावळला निघून गेला आणि इंजिनांच्या शेडमध्ये कोळसा ओढू लागला. वर्ष होत आलं तरी घरात त्याचं नाव निघत नव्हतं. आई मात्र पुढच्या उपवासकाळावर डोळा ठेवून होती. त्यात हरवलेल्यांचा अध्याय यायचा, तीन दिवसांत वाटलेला : मेंढरू, नाणं आणि घर सोडून गेलेला उधळ्या पुत्र, ज्याला बाप पुन्हा पोटाशी धरतो. तो तिसरा पाठ एकदा निघाला की बाबांना मुलगा घरी आणावाच लागेल, असं तिनं मनाशी धरलं होतं.

मेंढराच्या दिवशी बाबा भर उन्हात निघाले. ऊन असं, की कावळे उडायचं सोडून सावलीसावलीनं पायी चालले होते. संध्याकाळी बाबा खांद्यावर बकरी घेऊन परतले. मागोमाग बकरीवाला.

"आबा, मनी बकरी हारपेल नव्हती, चरी राहिंती."

"पण ती एकटी होती," बाबा म्हणाले.

नाण्याच्या दिवशी सगळं घर झाडून काढलं. आईची हरवलेली सुई सापडली, तीच नाणं म्हणून धरली.

तिसऱ्या दिवशी आईनं पहाटेच भाकरी बांधून ठेवली. पाठ झाला. बाबा उठले, दारापुढे बाज ओढली आणि स्टेशनच्या रस्त्याकडे तोंड करून बसले.

"गाडी निघून जाईल," आई म्हणाली.

"जायचं कुठं? मेंढराला शोधायला जातात. मुलाची वाट पाहतात. तसंच लिहिलंय. तो दुरून दिसला की मी धावणार."

"तो येणार नाही हो. तुमच्याच हट्टाचा आहे."

"मग पाठ काय करील त्याला?"

"परवा लोकांच्या बकरीमागं रान पालथं घातलंत. आणि ते मेंढरूसुद्धा नव्हतं."

बाबा रस्त्याकडेच बघत राहिले. धावायला बरं पडावं म्हणून त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या. भुसावळकडची गाडी आली, उतारू आपापल्या घरी गेले, रस्ता रिकामा झाला. दिवे लागले तशी बाज आत आली. तो पाठ संपला होता, दुसऱ्या दिवशी दुसरा होता.

पुढच्या वर्षी तो अध्याय यायच्या आधीच निरोप आला की भावानं शेड सोडली. कुणी सुरत म्हणे, कुणी नागपूर. नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. उधळ्या पुत्राच्या सकाळी बाबांनी पाठ वाचलाच नाही. न सांगता उठले आणि स्टेशनाची वाट धरली. मागं आई, आईच्या मागं मी.

"आबा, कुठलं देऊ?" खिडकीतल्या बाबूनं विचारलं.

बाबा खिडकीची सळई धरून उभे राहिले.

"आबा, सरका की बाजूला," मागचे लोक म्हणू लागले. त्यांनी बाजूनं हात घालून आपापली तिकिटं घेतली. भुसावळची गाडी आली आणि गेली. मग सुरतेची आली, तीही गेली.