वीस थापांचा रस्ता

सारजाबाई मला पहिल्या भेटीत अजिबात आवडली नाही, हे आधीच सांगून टाकतो. आपल्याकडं भांडायला आलेल्या माणसालाही अगोदर ‘या, बसा’ म्हणतात आणि मग शिव्या घालतात. या बाईनं मात्र नुसती मान हलवली आणि हातानं ज्वारीच्या पोत्याकडं खूण केली. बसायचं तर बस, नाहीतर उभा राहा. मी मनात म्हटलं, सोलापूरहून पहाटे निघून इथवर आलोय ते तुमच्याच गावाच्या कामाला, आणि हा तुसडेपणा?

टेंभुर्णीहून करमाळ्याकडं जाताना एक फाटा लागतो. रस्त्याच्या एका अंगाला वस्ती, दुसऱ्या अंगाला शाळा, आणि शाळेच्या फाटकाला चिकटून सारजाबाईचं पत्र्याचं शेड. तिथं ती कडक भाकरी करते. पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. रोज दीडशे. पन्नाशी ओलांडलेली काटक बाई, नजर सतत रस्त्यावर आणि हात सतत पिठात.

माझं काम तसं साधं. आमची छोटी कंपनी रस्त्यावरच्या गाड्यांचा वेग मोजून अहवाल देते. त्यासाठी वेग मोजायची बंदूक असते. बंदूक म्हटलं की लोक दचकतात, पण दिसायला ती केस वाळवायच्या यंत्रासारखी असते. गाडीवर रोखली की आकडा येतो. या रस्त्यावर ताशी ऐंशीची मर्यादा होती, ती शाळेपुढं चाळीस करा, असा गावाचा अर्ज होता. मी शंभर गाड्या मोजायच्या, त्यातल्या पंच्याऐंशी ज्या वेगाच्या आत येतात तो आकडा काढायचा, आणि त्यावर सोलापुरातली समिती निर्णय घेणार. गाड्या जोरात पळतात असं दिसलं तर मर्यादा खाली, रस्त्यावर पट्टे, फलक, सगळं. नाही दिसलं तर फाईल बंद.

आता गावाचा उत्साह ऐका. सरपंच उदयसिंह यांनी रस्त्याकडेला मांडव घातला होता. ‘वेग सर्वेक्षण पथकाचे सहर्ष स्वागत’ असा फलक, त्यावर पथकापेक्षा चौपट मोठा त्यांचाच फोटो. पथक म्हणजे मी एकटा. शाल, नारळ, चहा, आणि शाळेची पोरं ‘गाडी हळू चालवा’ असे पुठ्ठे धरून रांगेत उभी. मी भारावलो, हे कबूल करतो. आयुष्यात कुणी माझ्या बंदुकीला हळदीकुंकू लावलं नव्हतं.

नऊ वाजता मोजायला लागलो. अडतीस. एकेचाळीस. पस्तीस. येणारी प्रत्येक गाडी मांडव बघून हळू व्हायची. एका ट्रकवाल्यानं तर थांबून कुणाचं लग्न आहे ते विचारलं.

“बघा सायेब,” उदयसिंह अभिमानानं म्हणाले, “आमचं गाव किती जागरूक हाय. एक गाडी पळंना.”

“सरपंच, हेच आकडे गेले तर मर्यादा बदलणार नाही.”

“का बरं?”

“गाड्या मुळातच हळू चालतात, असं सिद्ध होईल ना.”

त्यांचा चेहरा पडला. पण गडी हार मानणारा नव्हता. “मग आमी सांगतो की समितीला. रोज लई पळत्यात म्हनून.”

“सांगण्यावर नाही, आकड्यावर ठरतं.”

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. “सायेब, आज समद्या गाड्या वीस थापांत येत्यात. रोज नऊ न्हायतर दहा.”

सारजाबाई पिठाचे हात घेऊन शेडच्या दारात उभी होती. मला काही कळेना. मग तिनं रस्त्याच्या वळणावरचं चिंचेचं झाड दाखवलं. गाडी चिंचेपाशी दिसली की ती भाकरीवरच्या थापा मोजायला लागते आणि गाडी शाळेच्या फाटकापाशी आली की थांबते. लेकराला रस्ता ओलांडायला बारा थापा लागतात. वीस थापांत येणारी गाडी भली, दहात येणारी वाईट.

मला हसू आलं. चाळीस हजारांचं यंत्र माझ्या हातात, आणि ही मला भाकरी सांगतेय. पण खोड म्हणा, मी मोबाईल काढून तिच्या थापा मोजल्या. दहा सेकंदांत वीस. परत मोजल्या. वीस. चिंच ते फाटक अंतर मोजलं, बरोबर शंभर मीटर. मी तिथल्या तिथं हिशोब घातला. सातशेवीसला थापांच्या संख्येनं भागायचं, की ताशी वेग हजर. एक टेम्पो आला. “अठरा,” ती म्हणाली. बंदुकीनं चाळीस दाखवले. माझ्या अंगावर काटा आला. मी पुढच्या गाडीला बंदूक लपवून तिलाच आधी विचारलं. “एकोणीस.” आकडा आला अडतीस. असा आनंद मला परीक्षेच्या निकालालासुद्धा झाला नव्हता.

“सारजाबाई, तुम्ही हे शिकलात कुठं?”

 ती सरळ रस्त्यावर गेली आणि तिनं गावाचा ताबा घेतला.

“मास्तर, पोरं वर्गात न्या. मांडव उतरवा. खुर्च्या आत. आन् सरपंच, तो फोटू काढा आधी. तो बघायलाच गाड्या थांबत्यात.”

“सारजाकाकू, दोन दिवसांची म्हेनत हाय,” उदयसिंह कळवळले.

“मग जपून ठेवा, निवडणुकीला चालंल.”

अर्ध्या तासात रस्ता उजाड झाला. कुत्रीसुद्धा हाकलली. मग ती माझ्याकडं वळली. “आन् तुमी. हे पिवळं जाकीट काढा. लांबनं पोलिसच वाटताय.”

तिनं मला शेडात भाकरीच्या चळतींमागं बसवलं. पत्र्याला एक भोक होतं, त्यातून चिंच नीट दिसत होती. चुलीचा धूर डोळ्यांत, गुडघे छातीशी, आणि मी भोकातून बंदूक रोखलेली. पहिली गाडी आली. “नऊ,” सारजाबाई पुटपुटली. ऐंशी! दुसरी. “आठ.” एक्क्याण्णव! दाराआड लपलेल्या उदयसिंहांनी मांडीवर थाप मारली. गाडी जितकी सुसाट तितके आम्ही खूश, असला उलटा कारभार. एक गाडी हळू आली तर सरपंच तिच्या मालकावर रागावले. साडेबारापर्यंत शंभर गाड्या झाल्या आणि पंच्याऐंशी गाड्या ज्याच्या आत येतात तो आकडा निघाला त्र्याऐंशी. मी बंदूक ठेवून उठलो आणि सरपंचांना चक्क मिठी मारली.

सारजाबाई मात्र हसली नाही. तिनं माझ्यापुढं भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा ठेवला, परत नुसत्या खुणेनं. तिच्या पाठीमागं फाटलेल्या भाकरींची टोपली भरली होती. ती म्हणाली, नजर रस्त्यावर असली की भाकरी फाटते. मग तिनं आपणहून सांगितलं.

“मगाशी इचारलं न्हवं, कुटं शिकलीस? रस्ता खराब हुता तवा गाड्या अठरा थापांत यायच्या. पोरं तिकडनं वाट बघायची, मी मोजायची आन् हितनं हाळी द्यायची, ये म्हनून. कैक वरीस. मग नवं डांबर पडलं. तिसऱ्याच दिवशी वस्तीवरल्या चंद्रिकाची पोरगी, अपेक्षा, पलीकडं उभी. गाडी चिंचंपाशी हुती. मी म्हनलं अठरा हाईत, पोरीला बारा लागत्यात. म्हनलं, ये. गाडी आठात आली.”

चुलीत लाकूड तडतडलं. तिनं ते आत सारलं.

“पोरगी वाचली. पायात सळई हाय. आठ म्हैनं झालं, आई तिला रस्ता ओलांडू देत न्हाय. शाळा सुटली की तिची. चंद्रिका मला एका शब्दानं बोलली न्हाय. बोलली असती तर बरं झालं असतं.” तिनं पिठाचा गोळा हातात घेतला. “तवापासनं ‘ये’ ह्यो शब्द माझ्या तोंडातनं निघत न्हाय सायेब. पावण्याला म्हनायला गेलं तरी घशात अडकतो.”

मला सकाळचा माझा राग आठवला आणि लाज वाटली.  मी जाकीट घातलं आणि सोलापूरला आलो. त्या अहवालावर मी इतकी मेहनत घेतली, की साहेबांनी विचारलं, अनिमेष, तुझं कुणी राहतं का तिथं?

समितीनं मर्यादा चाळीसवर आणली. फलक लागले, रस्त्यावर जाड पांढरे पट्टे आले, चिंचेच्या अलीकडं गाडी धडधडली की चालकाचा पाय आपोआप उठतो. चार महिन्यांनी मी फेरमोजणीला गेलो. या वेळी कुणालाच कळवलं नाही. गाडी शाळेमागं लावली, जाकीट काखेत मारलं आणि थेट शेडात. सारजाबाईनं मान हलवून पोतं दाखवलं. मी भोकाला डोळा लावला.

“एकोणीस,” ती म्हणाली. अडतीस. “वीस.” छत्तीस.  तीस गाड्या झाल्या आणि एकही बारा थापांच्या आत आली नाही. फाटलेल्या भाकरींच्या टोपलीत जेमतेम दोन होत्या.

दहा वाजायला आले तेव्हा वस्तीच्या बाजूला चंद्रिका येऊन उभी राहिली. शेजारी दप्तर घेतलेली मुलगी, एका पायावर जरा जास्त भार देऊन. आईनं तिचा हात घट्ट धरला होता. दोघी समोर बघत होत्या, शेडाकडं. रस्ता ओलांडायला आईला कुणी अडवलं नव्हतं, पण ती निघेना.

मला वाटलं ती रस्ता मोकळा व्हायची वाट बघतेय. मग कळलं, ती सारजाबाईची वाट बघत होती.

चिंचेपाशी एक जीप दिसली. सारजाबाईनं थापायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. पट्ट्यांवरून धडधडत जीप पुढं आली. अकरा, बारा, तेरा. ओठ हलत होते, आवाज नव्हता. वीस झाल्या तेव्हा जीप फाटकासमोरून गेली. चिंचेपर्यंत आता काहीच नव्हतं. चंद्रिकानं पोरीचा हात सोडला आणि एक पाऊल मागं सरकली.

सारजाबाई उठून शेडच्या दारात आली. पिठाचे हात तसेच. 

“ये,” ती म्हणाली.

अपेक्षा आली. बाराच्या ऐवजी तिला सोळा थापांचा वेळ लागला, मी मोजला. तव्यावरची भाकरी तोवर करपून काळी झाली होती. तीच आम्ही तिघांनी, सारजाबाई, अपेक्षा आणि मी, खाल्ली.