चिडाच्या जंगलातले मामा

खाडीकाठच्या एका कारखान्यात मी सहा वर्षं टर्पेंटाइनच्या भट्टीवर होतो. उत्तरेकडच्या चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलांतून ट्रकने राळ यायची, डब्यांतून, चिकट, सालीचे तुकडे अडकलेली. ती वितळवून गाळायची, मग वाफेवर टर्पेंटाइन काढायचं. बारा तासांची पाळी. घरी भातालाही तोच वास यायचा.

माझ्या जोडीला गढवालचे एक पन्नाशीतले गृहस्थ होते. सगळे त्यांना मामा म्हणत. कारखान्यामागे पत्र्याच्या खोलीत ते पाच जणांबरोबर राहत. मे महिन्यात तिथली बोअर आटली, तेव्हा मी त्यांना आंघोळीला घरी आणलं.

आईने त्यांचे हात पाहिले. काळे, भेगाळलेले.

"साबनानं न्हाय जायाचं ते," म्हणत तिने खोबरेल तेल कोमट करून दिलं. "आमचं पाय पन मिठागरात असंच फुटायचं."

तेल चोळता चोळता मामा मोडक्या मराठीत बोलू लागले. तरुणपणी ते बायकोबरोबर जंगलात राळ काढायचे. होळीनंतर डोंगरावर ताडपत्री टाकून राहायचं ते थंडी पडेपर्यंत. रोज झाडांना खाचा पाडायच्या, खाली लावलेल्या भांड्यांत राळ जमवायची. पाणी दरीत. एका उन्हाळ्यात वणवा लागला. राळ गळणारी झाडं भडाभडा पेटली. दोघं अंगावरच्या कपड्यांनिशी पळाले.

"मग?" आईने विचारलं.

"बायको बोली, आता जंगल नाही. म्हणून मी इकडे आला, माताजी."

आईने त्यांना जेवायला वाढलं. ते दोन घास खाऊन भिंतीला टेकले आणि बसल्या बसल्या झोपले. आम्ही उठवलं नाही.

पुढच्या वर्षी कारखान्यात बाहेरदेशची गाळलेली राळ पिंपांतून यायला लागली. डबे फोडायचं, राळ गाळायचं काम संपलं आणि मामांसारख्या डोंगराकडच्या माणसांना जायला सांगितलं. मामा दुपारच्या गाडीने गेले. मी पाळीवर होतो, निरोप घेता आला नाही. दोन वर्षांनी खोकल्याला कंटाळून मीही सोडलं. आता बोर्ली पंचतनपर्यंत टेम्पो चालवतो.

मध्यंतरी मामांचा फोन आला. पुन्हा राळ काढायला जातायत.

"आणि मामी?"

"तीपण. एकट्याने होत नाही आता."

"जपून राहा," मी म्हटलं. त्यांनी आईची चौकशी केली. मग रेंज गेली.